टाळं लावलेल्या बागा आणि तीन वादळं : २०२०-२१ च्या डायरीतून

पर्जन्यवृक्ष

मे संपत आला की मला अजून पहाटे जाग येते आणि पहिलं लक्ष झाडांच्या शेंड्यांकडे जातं. मुंबईलगतच्या एका महापालिकेत मी उद्यानविद्या सहायक होतो, आता निवृत्त आहे. माझ्याकडे अकरा बागा, तीन मैदानं, एक रोपवाटिका आणि चार किलोमीटर रस्त्याकडेची झाडं होती. परवा माळा आवरताना २०२० आणि २०२१ च्या डायऱ्या हाती लागल्या. त्या वाचल्यावर वाटलं की हे कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं. त्या दोन वर्षांत बागांचं काय झालं ते लोकांनी फक्त फाटकाबाहेरून पाहिलं.

करोनाची टाळेबंदी लागली मार्चअखेर. महिना लक्षात घ्या. छाटणी खरं तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत व्हायला हवी. तेव्हा केलेली जखम झाडाला भरून काढता येते. पण निविदा, मंजुरी, कार्यादेश यातच जानेवारी जातो आणि करवत प्रत्यक्षात मार्च, एप्रिल, मे मध्ये चालते. त्या वर्षी नेमके तेच तीन महिने गेले. लोकल २३ मार्चपासून बंद. माझ्या पंधरा माळ्यांपैकी अकरा जण टिटवाळा, बदलापूर, विरारकडचे. ते येणार कसे? ठेकेदाराकडची उंच झाडावर चढणारी मुलं झारखंडची, ती एप्रिलमध्ये चालत निघून गेली. शिडीगाडी उभी होती, पण तिचा चालक शववाहिनीवर नेमला होता. ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण झाडं वाढतच होती. त्या उन्हाळ्यात बागांमध्ये गवत गुडघाभर झालं, मेहंदीचं कुंपण माझ्या उंचीला आलं, आणि रस्त्यावरच्या सोनमोहरांच्या सुकलेल्या फांद्या तशाच लटकत राहिल्या.

मग आली ३ जून २०२०. ही तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही. राज्य सरकारच्या 'मिशन बिगिन अगेन'चा पहिला टप्पा त्याच दिवशी सुरू होणार होता. पहाटे ५ ते संध्याकाळी ७, बागेत, मैदानावर, समुद्रकाठी चालायला, धावायला, सायकल फिरवायला परवानगी. अडीच महिने घरात कोंडलेल्या माणसांसाठी तो पहिला मोकळा दिवस. आणि त्याच दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मुंबईत आदल्या दिवशी पोलिसांनी किनाऱ्यालगतच्या बागा, चौपाट्या, फिरायचे रस्ते यांवर जमावबंदी लावली. एक आदेश म्हणतो बाहेर या, दुसरा म्हणतो येऊ नका. माझ्या एका बागेच्या फाटकाशी पहाटे सव्वापाचला सात-आठ ज्येष्ठ मंडळी मफलर, मास्क लावून उभी होती. मीच त्यांना परत पाठवलं. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "फक्त बकुळीला हात लावून जाते हो." मी नाही म्हणालो. वर आभाळ शिशासारखं झालं होतं आणि आत न छाटलेली झाडं होती. माझा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही, पण त्या बाई पुन्हा बागेत दिसल्या नाहीत.

निसर्गने मुंबईला तसं वाचवलं, मार दक्षिणेकडे बसला. आम्हाला खरा मार बसला तो ५ ऑगस्टला. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हतं, म्हणून कुणाची तयारीही नव्हती. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०७ किलोमीटर नोंदवला गेला. मलबार हिलच्या उतारावर संरक्षक भिंत कोसळून झाडं, माती सगळं खाली रस्त्यावर आलं. माझ्याकडे त्या एका रात्रीत २९ फोन आले. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ. सांताक्रूझला मे महिन्यात एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस. आणि तेव्हाही शहर कडक निर्बंधातच होतं.

आता मुद्द्यावर येतो. तिन्ही वेळा पडलेल्या झाडांची मी बुंधा पाहून नोंद केली आहे. बागेच्या आतली झाडं फार कमी पडली. पडली ती रस्त्यावरची. जात तीच, वय साधारण तेच. फरक मातीचा. बागेत मुळांना चहूबाजूंनी माती मिळते. रस्त्यावर एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला केबलसाठी खणलेला चर, आणि वरून बुंध्याच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. उन्मळून पडलेल्या झाडाचं मूळ पाहिलं की कापलेली बाजू स्पष्ट दिसते, सुरीने कापल्यासारखी सपाट. वारा त्या बाजूने आला की झाडाला धरून ठेवणारं काही उरत नाही. बातमीत मात्र येतं, 'जुनं झाड कोसळलं'. जुनेपणाचा त्यात काही दोष नसतो.

एक पर्जन्यवृक्ष होता. हेच नाव मी इथे घेतलं आहे. शाळेसमोर. फेब्रुवारी २०२० च्या डायरीत माझ्याच अक्षरात आहे : 'पूर्वेकडची मोठी फांदी जड, खाली भूछत्र, मार्चमध्ये घ्यावी.' भूछत्र म्हणजे लाकूड आतून कुजत असल्याची खूण. मार्चमध्ये घेता आली नाही. ५ ऑगस्टला तीच फांदी गेली. शाळा बंद होती म्हणून खाली कुणी नव्हतं.

तुमच्या भागातल्या बागांचं त्या दोन वर्षांत काय झालं? लिहा. मला खरंच वाचायचं आहे.

सायलीची_आई

काका, तुम्ही आतून लिहिलंत, मी बाहेरून लिहिते.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. २०२० साली सहा वर्षांचा होता. त्याचा दिवस झोपाळ्यावर उभा असायचा. संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा, एकच बाग, एकच झोपाळा, डावीकडून दुसरा. बाग बंद झाली हे त्याला कसं समजावणार? आम्ही रोज साडेपाचला फाटकापर्यंत जायचो, टाळं हातात धरून दाखवायचो आणि परत यायचो. जूनमध्ये बाग उघडली तेव्हा मला वाटलं सुटलो. पण झोपाळे, घसरगुंडी, ओपन जिम वापरायला मनाई होती. झोपाळ्यांच्या साखळ्या वर गुंडाळून तारेने बांधल्या होत्या. बंद फाटक त्याने तीन महिने सोसलं होतं, ती बांधलेली साखळी त्याला सोसली नाही.

मी नियमाच्या विरोधात नाही. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. पण अपवाद करायची सोय कुठेच नव्हती. सुरक्षारक्षक भला माणूस होता, तो तरी काय करणार? त्याच्या हातात कागद होता, 'बंद' लिहिलेला. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून दिवसातून अर्धा तास एका मुलाला आत सोडावं, एवढी एक ओळ आदेशात असती तर? आमच्यासारखी किती तरी घरं असतील. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, अर्धांगवायूचे, स्मृतिभ्रंशाचे. त्यांच्यासाठी बाग म्हणजे औषधच आहे.

२०२१ च्या जूनमध्ये पुन्हा उघडल्या त्या पहाटे ५ ते ९. माझा मुलगा ९ ला उठतो.

गिरणगावकर

सायलीची_आई, वाचून गलबलून आलं. पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. एप्रिल २०२० मध्ये आमच्या चाळीत एका मजल्यावर अकरा जण पॉझिटिव्ह होते. सामाईक संडास. त्या काळात समोरची बाग उघडी असती तर अख्खी चाळ तिथे जाऊन बसली असती. आणि खरं सांगतो, मीही बसलो असतो. बंद ठेवली ते बरंच झालं.

पर्जन्यवृक्ष

@गिरणगावकर, राग कसला. २०२० च्या एप्रिलमधल्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. विषाणू पृष्ठभागावरून पसरतो असा धाक होता, आम्ही बाकांवर सोडियम हायपोक्लोराइट फवारत होतो. त्याने बाकाचा रंग गेला आणि कडेच्या लिलीही जळल्या.

माझी तक्रार नंतरची आहे. उघड्या हवेत धोका बराच कमी, हे २०२१ पर्यंत कळून चुकलं होतं. तरीही जून २०२१ मध्ये आपण वेळ दिली पहाटे ५ ते ९. चार तासांत अख्ख्या वस्तीने यायचं! गर्दी टाळायची तर वेळ वाढवायला हवी. साडेसहा ते आठ या वेळात माझ्या चालण्याच्या ट्रॅकवर एवढी माणसं असायची की कोपराला कोपर लागायचा, आणि नऊनंतर दिवसभर रिकाम्या बागेत मी आणि खारी. १६ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईतल्या बागा सकाळी ६ ते रात्री १० उघड्या झाल्या, गर्दी आपोआप पांगली.

आणि चाळीबद्दल जे म्हणालात त्यातच उत्तरही आहे. ज्यांच्या घरात अंतर ठेवायला जागा नाही त्यांनाच बागेची सगळ्यात जास्त गरज होती. नेमकी त्यांचीच बाग बंद झाली. ज्यांच्या सोसायटीला स्वतःची हिरवळ होती ते आत फिरतच होते.

@सायलीची_आई, तुमची ती 'एक ओळ' मी लिहून घेतली आहे. तेव्हा सुचायला हवी होती.

गिरणगावकर

कोपराला कोपर, खरं आहे. आणि सोसायटीचं म्हणालात तेही पटलं.

हडसनकाठ

मी मूळची डोंबिवलीची, गेली बरीच वर्षं होबोकनला. न्यू जर्सीतलं हे गाव न्यूयॉर्कच्या समोर, नदीच्या अलीकडे. इथेही दोन्ही संकटं पाहिली, म्हणून लिहिते.

सँडी वादळ आलं २९ ऑक्टोबर २०१२ ला. हडसनचं पाणी गावात शिरलं आणि बाहेर जायला वाट नव्हती, कारण गाव बशीसारखं आहे. दिवसेंदिवस साचून राहिलं. त्यानंतर गावाने ठरवलं की नवी बाग करायची तर ती पाणी धरून ठेवणारी करायची. २०१७ मध्ये पहिली झाली, मग दुसरी, आणि २०२३ च्या जूनमध्ये मोठी, पाच एकरांची. तिथलं बास्केटबॉलचं मैदान मुद्दाम खोलगट केलं आहे. पाऊस कोसळला की त्याचा तलाव होतो, खाली टाक्या आहेत, आणि वादळ ओसरलं की पाणी हळूहळू सोडतात. माझी मुलगी तिथे खेळते. तिला हे माहीत आहे की आपलं मैदान पावसाळ्यात कामाला जातं. 'कामाला जातं' हा तिचाच शब्द.

साथीच्या वेळी न्यूयॉर्कने १ एप्रिल २०२० पासून मुलांची खेळायची मैदानं बंद केली, मोठ्या बागा मात्र चालायला उघड्या ठेवल्या. सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर रुग्णालयाचे तंबू उभे होते. त्यांच्या कडेने लोक चालत होते. मे महिन्यात ब्रुकलिनमधल्या एका बागेत गवतावर पांढरी वर्तुळं आखली, एका वर्तुळात एक कुटुंब. साधा चुना आणि दोरी. बंदी आणि मोकळीक यांच्या मधला हा मार्ग मला फार आवडला होता.

खडी_सिमेंट

@हडसनकाठ, असंच काम आपल्याकडेही झालं आहे, फक्त त्याची बाग म्हणून कुणी चर्चा केली नाही. मुंबईतल्या हिंदमाता चौकात साचणाऱ्या पाण्यासाठी दादरचं प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान, दोन्हींच्या खाली साठवण टाक्या बांधल्या. काम २०२१ मध्ये सुरू झालं. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात सोडता येत नाही, म्हणून ते काही तास खाली धरायचं आणि ओहोटीला सोडायचं. तत्त्व तेच.

पण पेशाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे एक काळजी सांगतो. टाकीच्या छतावर माती किती? दोन-तीन फूट. त्यावर हिरवळ होते, झुडपं होतात, वड होत नाही. प्रत्येक मोकळ्या मैदानाखाली टाकी किंवा वाहनतळ घातला तर शहरात मोठं झाड लावायला जागाच उरणार नाही. होबोकनची बाग आधी कारखान्याची पडीक जमीन होती. आपण मात्र असलेल्या मैदानाखालीच खणतो. टाकी हवी, मी स्वतः त्या बाजूचा आहे, पण मैदानाचा एक कोपरा पार खालपर्यंत मातीचा राहिला पाहिजे.

वाडीतली_पोफळ

श्रीवर्धनहून. निसर्ग आमच्या डोक्यावरून गेलं.

दुपारी साधारण एकच्या सुमारास वारा फिरला. आधी एका दिशेने, मग क्षणभर थांबला, आणि उलट दिशेने आला. पहिल्याने झाडं वाकवली, दुसऱ्याने उपटली. आमच्या वाडीत पोफळी, नारळ, आंबे मिळून किती गेले ते मोजायला आठवडा लागला. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. किनाऱ्यावर सुरूचं बन होतं, मुलं तिथेच क्रिकेट खेळायची, सुट्टीत पाहुणे आले की सगळी संध्याकाळ तिथे. ते बन आडवं झालं. तुमच्यासारख्या बागा आमच्याकडे नाहीत, आमची बाग तीच होती.

साथीचं आणि वादळाचं एकत्र काय होतं ते ऐका. वादळाच्या आधी लोकांना हलवायचं कुठे? शाळेत. पण शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात. मग त्यांना एका टोकाच्या वर्गात आणि गावातल्यांना दुसऱ्या टोकाला, मध्ये बाक लावून आडोसा. बाहेर पत्रे उडत होते, आत माणसं एकमेकांपासून लांब सरकत होती. वीज यायला पुढे महिना गेला.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. किनाऱ्यालगत जुन्या उंडीची झाडं होती, कुणी मुद्दाम लावलेली नव्हती. ती उभी राहिली. पानं पार भाजल्यासारखी झाली होती, पण दिवाळीला फुटवा आला. आता मी वाडीच्या समुद्राकडच्या बाजूला उंडीच लावतो आहे.

पर्जन्यवृक्ष

@वाडीतली_पोफळ, हे वाचून थांबलो. मध्ये बाक लावून आडोसा... मुंबईतही उलट्या बाजूने तेच झालं. मैदानांवर उभारलेल्या करोना केंद्रांतले रुग्णच वादळापुढे हलवावे लागले. तौक्तेच्या आधी बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मुलुंड आणि दहिसरच्या केंद्रांमधून ५८० रुग्ण दुसरीकडे नेले. तंबूच्या छताचा तेवढा वारा सोसेल असा भरवसा नव्हता. मोकळं मैदान संकटात पहिलं उपयोगी पडतं आणि वादळात तेच सगळ्यात उघडं असतं.

उंडीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. जड लाकूड, खाऱ्या वाऱ्याची सवय. आम्ही शहरात गुलमोहर आणि सोनमोहर लावले कारण पाच वर्षांत सावली आणि फुलं दिसतात. ताम्हण, करंज, बकुळ, पुत्रंजीवा ही हळू वाढतात, म्हणून त्यांचा फोटो उद्घाटनाला मिळत नाही.

पाण्यातला_मासा

झाडांबद्दल सगळे लिहितायत, माणसांबद्दल मी लिहितो. मी एका पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचो, कंत्राटी. १५ मार्च २०२० च्या आसपास तलाव बंद. पगार त्या महिन्याचाही अर्धाच आला. आम्ही सहा प्रशिक्षक होतो. एकाने भाजीची गाडी लावली, एक गावी गेला तो परत आला नाही, मी दीड वर्ष औषधांच्या घरपोच सेवेत होतो. बागांमधले योगवर्ग घेणाऱ्या ताई, उन्हाळी शिबिरात मल्लखांब शिकवणारे सर, सगळ्यांचं तेच. कायम नोकरीतल्या माळ्याला निदान पगार होता.

आणि तलाव रिकामाही ठेवता येत नाही. पूर्ण रिकामा केला तर खालच्या पाण्याच्या दाबाने तळाच्या फरशा उचलतात. भरून ठेवला तर डास. शेवटी त्यात गप्पी मासे सोडले. ज्या पाण्यात मी मुलांना हात धरून तरंगायला शिकवलं त्या हिरव्या पाण्यात मासे फिरताना पाहून फार वाईट वाटलं.

उन्हाळी शिबिराचे दोन मे गेले. सात वर्षांचं पोर नऊ वर्षांचं झालं. सात वर्षांचं पाण्याला लवकर सरावतं, नऊ-दहाचं घाबरतं. २०२२ मध्ये जी बॅच आली तिच्यात मोठी मुलं काठाला घट्ट धरून उभी होती. एवढी भीती मी आधी कधी पाहिली नव्हती.

सायलीची_आई

@पाण्यातला_मासा, दादा, माझा मुलगा आता पोहायला शिकतोय. दहा मिनिटं काठ सोडतो.

पाण्यातला_मासा

ताई, दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ. घाई करू नका. डोकं पाण्यात घालायची सक्ती कुणी केली तर त्या शिक्षकाला थांबवा.

तिसरा_मजला

पहिल्यांदाच लिहिते आहे. हा धागा वाचून खिडकीतून खाली पाहिलं आणि काळजी वाटली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा पर्जन्यवृक्ष आहे. फेब्रुवारीत त्याच्या एका बाजूने पाइपसाठी चर खणला होता, आता वरून पेव्हर बसवलेत, अगदी बुंध्याला चिकटून. झाड थोडं कललेलं वाटतं. आधीही कललेलं होतं का, ते आठवत नाही. काही जण म्हणतात तोडूनच टाका, पावसाळा आला. तोडू नये असं मला वाटतं, पण खाली रोज मुलांची बस थांबते. काय करू?

पर्जन्यवृक्ष

@तिसरा_मजला, घाबरू नका, पण वाटही पाहू नका. उद्या उजेडात एवढं पाहा.

चर झाडाच्या बुंध्यापासून किती अंतरावर होता? हाताने मोजा. मीटरभराच्या आत असेल तर मुख्य मुळं कापली गेली असण्याची शक्यता मोठी. मग झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या विरुद्ध बाजूची जमीन पाहा. तिथे पेव्हर उचलल्यासारखे दिसतात का, माती आणि बुंधा यांच्यामध्ये नवी भेग आहे का? असेल तर मूळ उचकटतंय, मग त्याच दिवशी आपत्कालीन कक्षाला कळवा आणि बसचा थांबा हलवायला लावा. भेग नसेल तर वेळ आहे. बुंध्याच्या तळाशी फळीसारखी कडक भूछत्रं आहेत का तेही बघा. आजचा फोटो काढा, समोरच्या खांबाच्या रेषेत, म्हणजे आठवड्याने त्याच जागेवरून काढून कल वाढलाय का ते कळेल.

अर्ज उद्यान विभागाकडे करा. छाटणी असो वा तोड, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते. स्वतः माणूस बोलावून कापू नका. अर्जात 'तोडावे' असं लिहू नका. 'समतोल छाटणी आणि बुंध्याभोवतीचे पेव्हर काढणे' असं लिहा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडाभोवती मीटरभर काँक्रीट नको असा आदेश दिला होता, तो जोडा. छाटणीला माणसं आली की खाली उभ्या राहा. सगळ्या फांद्या खालून साफ करून फक्त शेंड्याला झुबका ठेवतात, तसं करू देऊ नका. त्याने वारा जास्त लागतो. सगळीकडून थोडं थोडं हलकं करायचं, पाव भागापेक्षा जास्त नाही. आणि ढोली किंवा बगळ्यांची घरटी असतील तर ती फांदी सोडायला सांगा.

पेव्हर काढताना ब्रेकर लावू देऊ नका, पहारीने उचलायचे. मोकळ्या झालेल्या आळ्यात पालापाचोळा घाला, बुंध्याला माती चढवू नका.

तुमचा भाग कोणता? मध्य रेल्वेवर असेल तर मी येऊन पाहू शकतो.

तिसरा_मजला

मुलुंड पूर्व. आत्ताच खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात पाहून आले. चर बुंध्यापासून साधारण तीन फुटांवर. भेग दिसली नाही. पेव्हर एका ठिकाणी वर आलेत, पण ते आधीपासून आहेत असं वॉचमन म्हणतात. भूछत्र आहे की वाळलेली साल, ते कळलं नाही.

पर्जन्यवृक्ष

ते भूछत्र आहे का तेच आधी पाहू. शनिवारी सकाळी सातला येतो. टेप, दोरी आणि लाकडी हातोडी मी आणतो. बुंध्यावर ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकायचं आहे, तेव्हा जमलं तर रहदारी सुरू व्हायच्या आत खाली या.

खडी_सिमेंट

मी भांडुपला राहतो. शनिवारी मीही येतो. चर कुठून कुठे गेलाय त्याचा नकाशा काढून देतो, अर्जाला जोडता येईल.